बाटली क्रमांक ५३-एन आणि अर्धा टक्का

बारावीच्या केमिस्ट्री प्रॅक्टिकलमधलं एक सूत्र बहुतेकांना आठवत असेल: एन१व्ही१ = एन२व्ही२. घट्ट द्रावण एकदाच नीट मोजून करून ठेवायचं आणि लागेल तसं पातळ करून वापरायचं. या घट्ट द्रावणाला म्हणायचं स्टॉक सोल्यूशन. दिंडोशीत आमच्या सोसायटीची टाकी धुणारा माणूसही ब्लीचिंग पावडर आधी बादलीभर पाण्यात कालवतो आणि मग ते पाणी टाकीत सोडतो. दर वेळी चिमूटभर काहीतरी वजन करत बसलं की चूक व्हायची शक्यता वाढते, त्यापेक्षा हे बरं.

सूत्र किती टक्के एवढंच सांगतं. ते टक्के कशासाठी, हे सांगत नाही. मुंबईच्या इतिहासात या फरकापायी एका शास्त्रज्ञाची कारकीर्द गेली.

सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवीत प्लेगचा रोगी ओळखला. पुढच्याच महिन्यात वाल्डेमार हाफकिन मुंबईत आले. जन्म ओडेसाचा, शिक्षण प्राणिशास्त्राचं, पॅरिसमध्ये पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम केलेलं. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली आणि एक व्हरांडा मिळाला. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी स्वतःची लस स्वतःलाच टोचून घेतली, आणि त्याच महिन्यात भायखळा तुरुंगातल्या तयार झालेल्या कैद्यांना.

लस करण्याची पद्धत वाचताना प्रयोगशाळेपेक्षा स्वयंपाकघरच डोळ्यांपुढे येतं. बोकडाचं मांस हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये विरघळवायचं, मग ते आम्ल अल्कलीने मारायचं. बोकडच का? गाय किंवा डुक्कर म्हटलं तर अर्धी मुंबई हात पुढे करणार नाही! या रश्शावर तुपाचे थेंब सोडायचे. प्लेगचे जंतू त्या थेंबांना धरून खाली लोंबत वाढतात, गुहेतल्या चुनखडीच्या झुंबरांसारखे. फ्लास्क हलवला की झुंबरं तळाशी पडतात आणि नवी धरतात. असे साधारण सहा आठवडे. मग ६५ ते ७० अंशांवर तासभर तापवून जंतू मारायचे आणि शेवटी कार्बोलिक ॲसिड घालायचं, एकूण अर्धा टक्का.

कार्बोलिक ॲसिड म्हणजे फिनॉल. आपल्या आईवडिलांच्या पिढीला लाल लाइफबॉयचा वास आठवतो, तो याचाच. शुद्ध फिनॉल खड्यांच्या रूपात असतं, कातडीला लागलं तर पांढरा चट्टा उठवून भाजतं. म्हणून पाच टक्क्यांचं द्रावण सोयीचं. एक लिटर लसीत अर्धा टक्का हवा असेल तर हे द्रावण १०० मिलिलिटर आणि लस ९०० मिलिलिटर.

१८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये गेली. १९०२ मध्ये पंजाबातून लसीची प्रचंड मागणी आली. सहा आठवडे थांबायला वेळ नव्हता. हाफकिननी रश्शाऐवजी आगरवर जंतू वाढवायची लवकर होणारी पद्धत घेतली आणि कार्बोलिक ॲसिड वगळलं, नुसत्या उष्णतेवर भिस्त ठेवली. पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये तसंच करत होते.

३० ऑक्टोबर १९०२. गाव मुल्कोवाल, आज पाकिस्तानच्या पंजाबात. त्या दिवशी पाच बाटल्यांमधून १०७ जणांना लस टोचली. ५३-एन क्रमांकाच्या बाटलीतून टोचलेले १९ जण आठवडाभराने धनुर्वाताने आजारी पडले आणि सगळेच्या सगळे दगावले. बाकी ८८ जणांना काहीही झालं नाही.

मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या आयोगाने निष्कर्ष काढला की बाटली परळलाच दूषित झाली होती. पद्धत बदलली होती, कार्बोलिक काढलं होतं, म्हणजे दोष तिथेच. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात हे रोज बघायला मिळतं. सर्व्हर पडला की सगळ्यांचा पहिला प्रश्न, शेवटचा बदल कोणी केला? प्रश्न रास्त आहे, पण ते उत्तर नव्हे.

आयोगाचा तर्क अगदीच पोकळ नव्हता. अर्धा टक्का फिनॉल जंतूंची वाढ रोखतं, त्यामुळे बाटलीत शिरलेला धनुर्वाताचा जंतू कदाचित वाढला नसता. पण मारलं मात्र नसतं. या जंतूचे बीजाणू पाच टक्क्यांच्या द्रावणात दहा तास बुडवूनही जिवंत राहतात, हे कितासातो यांनी आधीच दाखवलं होतं. अर्धा टक्का म्हणजे त्याच्या दहापट पातळ.

आणि गावातली एक गोष्ट साक्षीतच आली होती. बाटलीचं बूच काढायचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला. तो ज्योतीवर न धरता त्याने कार्बोलिकच्या पाण्यात खळबळला आणि त्यानेच बूच काढलं. जमीन गावची, म्हणजे माती, शेण आणि धनुर्वाताचं घरच. ज्या रसायनात बीजाणू दहा तास तग धरतात, त्यात चिमटा काही क्षण बुडवून काय होणार? परळच्या बाटलीत कार्बोलिक नव्हतं याची एवढी चर्चा झाली, पण मुल्कोवालच्या भांड्यात ते होतं आणि तिथे त्याचा उपयोग झाला नाही, याची पुरेशी झाली नाही असं मला वाटतं.

रोनाल्ड रॉस, मलेरिया आणि डासाचं नातं शोधणारे, १९०७ मध्ये लंडनच्या 'टाइम्स'मधून हाफकिनच्या बाजूने उभे राहिले. त्यांचे मुद्दे साधे होते. ही लस महिन्याहून आधी भरलेली होती. इतके दिवस आत जंतू वाढला असता तर बूच काढताच घाण वास आला असता, आणि तो आला नव्हता. शिवाय आत विष साचलेलं असतं तर माणसं आठवडाभर थांबली नसती, लवकर आजारी पडली असती. त्याच जुलैमध्ये दहा तज्ज्ञांनीही सह्या करून पत्र लिहिलं. नोव्हेंबरमध्ये सरकारने हाफकिनना दोषमुक्त केलं.

तोवर पाच वर्षं गेली होती. हाफकिन भारतात परतले, पण कलकत्त्याला. परळची प्रयोगशाळा त्यांच्याकडे पुन्हा आली नाही. १९२५ मध्ये तिला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळालं, तेव्हा ते युरोपात होते. १९३० मध्ये लोझानला ते वारले.