वीज गेली की पाणीही जाते

पुण्याच्या थंडीत नळातील पाणी गोठत नाही. शहराचे आजवरचे नीचांकी तापमान १७ जानेवारी १९३५ रोजी नोंदले गेले, तेही १.७ अंश सेल्सिअस होते. तरीही कर्वेनगर, कोथरूड, वारजे या पट्ट्यातील अनेक घरांना हिमवादळाच्या बातम्या आता परक्या वाटत नाहीत. मुलगा डॅलसला, मुलगी ऑस्टिनला आणि आईवडील वर्षातील काही महिने त्यांच्याकडे, असे चित्र येथे घरोघरी दिसते. टेक्सास गोठते तेव्हा त्याची काळजी कर्वेनगरातही केली जाते.

फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमध्ये जे घडले, ते या दृष्टीने समजून घेण्यासारखे आहे. आधुनिक शहरात वीज, पाणी आणि ऊब या एकाच साखळीच्या कड्या असतात. एक कडी तुटली की बाकीच्या फार काळ टिकत नाहीत. अशा वेळी घाबरून केलेला चुकीचा उपायही मूळ संकटाइतकाच घातक ठरू शकतो. यातील बहुतेक गोष्टी पुण्यातील इमारतींनाही लागू पडतात.

पुण्याचा अनुभव

पुणेकरांनी ही साखळी तुटताना एकदा पाहिली आहे. १२ जुलै १९६१ रोजी सकाळी पानशेतचे धरण फुटले आणि त्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही फुटले. मुठेचे पाणी नदीकाठच्या पेठांत शिरले, पूल पाण्याखाली गेले, वीज आणि दूरध्वनी बंद पडले. पूर ओसरला तेव्हा दुसरे संकट समोर उभे राहिले. ज्या खडकवासल्यातून शहराला पाणी मिळत होते, तो जलाशयच रिकामा झाला होता. सकाळी पाण्याने वेढलेले शहर दुसऱ्या दिवसापासून पिण्याच्या पाण्यासाठी व्याकूळ झाले.

त्या काळी जुन्या पुण्यात वाड्यांच्या विहिरी होत्या. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शहरातील हौदांपर्यंत पाणी आणण्याची सोय झाली होती. ते पाणी उताराने येत असे, त्याला पंप लागत नसे. आजचे चित्र वेगळे आहे. उंचावरील वस्त्यांना आणि बहुमजली इमारतींना पंपाशिवाय पाणी मिळत नाही आणि पंपाला वीज लागते. विहिरी बुजल्या, वाडे गेले, त्यांच्याबरोबर विजेवाचून मिळणारे पाणीही गेले.

टेक्सासमध्ये काय घडले?

फेब्रुवारी २०२१ च्या मध्यास ध्रुवीय प्रदेशातील थंड हवा दक्षिणेकडे उतरली. १६ फेब्रुवारीला डॅलस परिसरात पारा उणे १९ अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचला. विद्युत उष्मकांमुळे विजेची मागणी एकदम वाढली आणि त्याच वेळी पुरवठा कोसळला. वायूच्या विहिरी व वाहिन्या गोठल्या, थंडीसाठी सज्ज नसलेली वीजकेंद्रे एकामागून एक बंद पडली. वायू पुढे ढकलणाऱ्या काही यंत्रांची वीजही भारनियमनात तोडली गेली. त्यामुळे वीजकेंद्रांना मिळणारा वायू आणखी घटला.

१५ फेब्रुवारीच्या पहाटे विद्युतजालाची वारंवारिता धोक्याच्या पातळीखाली गेली आणि चार मिनिटांहून अधिक काळ तेथेच राहिली. ती नऊ मिनिटे राहिली असती, तर आणखी वीजकेंद्रे आपोआप बंद पडून संपूर्ण जाळे कोसळण्याचा धोका होता. ते टाळण्यासाठी भारनियमन करावे लागले आणि त्याचे प्रमाण पुढे २० हजार मेगावॉटपर्यंत गेले. सुमारे ४५ लाख घरे व आस्थापना अंधारात गेल्या. टेक्सासच्या बहुतांश भागाचे विद्युतजाल शेजारच्या राज्यांपासून जवळपास वेगळे आहे, त्यामुळे बाहेरून फारशी मदत घेता आली नाही. पश्चिमेकडील जाळ्याला जोडलेल्या एल पासो शहराला मात्र फारशी झळ पोहोचली नाही.

विजेपाठोपाठ पाणी गेले. जलशुद्धीकरण केंद्रे बंद पडली, घरोघरी पाइप फुटले आणि वाहिन्यांतील दाब उतरला. दाब उतरला की बाहेरील दूषित पाणी वाहिनीत शिरू शकते. त्यामुळे एक कोटीहून अधिक नागरिकांना पाणी उकळूनच पिण्याची सूचना देण्यात आली. या आपत्तीत २४६ मृत्यू झाल्याची राज्याच्या आरोग्य विभागाची नोंद आहे. त्यांपैकी १६१ मृत्यू अतिथंडीमुळे झाले, तर १९ कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेने.

पाइप का फुटतो?

पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के प्रसरण पावते. पाइपमध्ये बर्फाचा बूच तयार झाला की तो बूच आणि बंद नळ यांमधील पाण्याला जायला वाट उरत नाही. तेथील दाब प्रचंड वाढतो आणि पाइप फुटतो. तडा जातो तेव्हा बर्फ असल्याने पाणी वाहत नाही, बर्फ वितळल्यावर घरभर पाणी होते. टेक्सासमधील अनेक घरांत पाइप माळ्यावरून किंवा बाहेरच्या भिंतीतून नेलेले असतात, त्यामुळे तेथे हे नुकसान अधिक झाले.

थंडीची लाट येण्यापूर्वी

मुलांकडे मुक्कामास गेलेल्या आईवडिलांनी पहिल्याच आठवड्यात चार गोष्टी पाहून ठेवाव्यात : पाण्याचा मुख्य कॉक, विजेचा मुख्य स्विच, वायूचा कॉक आणि धूर व कार्बन मोनॉक्साइड ओळखणारे गजर. घरात एकटे असताना पाइप फुटला, तर कॉक शोधण्यात वेळ जाऊ नये.

पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी माणशी रोज सुमारे चार लिटर पाणी धरून किमान तीन दिवसांचा साठा करावा. चौघांच्या कुटुंबास हे ४८ लिटर होते. शौचालयासाठी स्नानाचा टब आणि बादल्या भरून ठेवाव्यात. टबाजवळ लहान मुलाला एकटे सोडू नये. रोजची औषधे, बॅटरी, चार्ज केलेली पॉवर बँक आणि न शिजवता खाता येतील असे पदार्थ एकत्र ठेवावेत. दशम्या, चटणी, चिवडा, लाडू ही आपली प्रवासाची शिदोरी येथेही उपयोगी पडते.

बाहेरच्या भिंतीलगतचे नळ बारीक धारेने चालू ठेवावेत आणि सिंकखालील कपाटांची दारे उघडी ठेवावीत, म्हणजे खोलीतील ऊब पाइपपर्यंत पोहोचते. मात्र हा उपाय वाहिनीत दाब असेपर्यंतच. टेक्सासमध्ये सर्वांनी नळ चालू ठेवल्यानेही दाब उतरू लागला आणि धार बंद करण्याचे आवाहन काही शहरांना करावे लागले. अशी सूचना आली, तर मुख्य कॉक बंद करून सर्व नळ उघडावेत आणि पाइप रिकामे करावेत.

वीज गेल्यावर

घरातील सर्वांनी एकाच खोलीत राहावे. लहान, कमी खिडक्यांची खोली निवडावी, दाराखालच्या फटीत टॉवेल सारावा, पडदे ओढून घ्यावेत. एका जाड कपड्यापेक्षा पातळ कपड्यांचे अनेक थर अधिक ऊब देतात. कानटोपी आणि पायमोजे विसरू नयेत. शीतकपाट वारंवार उघडू नये. बंद राहिल्यास त्यातील अन्न सुमारे चार तास, तर भरलेल्या फ्रीझरमधील अन्न सुमारे दोन दिवस सुरक्षित राहते.

वृद्धांकडे विशेष लक्ष द्यावे. न थांबणारी थरथर, अडखळते बोलणे, गोंधळलेपणा व गुंगी ही शरीराचे तापमान धोकादायक पातळीपर्यंत उतरल्याची लक्षणे असतात. ओले कपडे बदलावेत, आधी छाती, मान व पोट यांना ऊब द्यावी, माणूस शुद्धीत असेल तर गरम पेय द्यावे. हातपाय जोराने चोळू नयेत आणि मद्य देऊ नये. अमेरिकेत तातडीच्या मदतीसाठी ९११ आणि बहुतेक ठिकाणी उबदार निवाऱ्याच्या माहितीसाठी २११ हे क्रमांक आहेत.

गोठलेला पाइप ज्योतीने तापवू नये. नळ उघडा ठेवून नळाकडील बाजूपासून गरम पाण्यात भिजवलेल्या फडक्याने किंवा वीज असल्यास केस वाळवण्याच्या यंत्राने हळूहळू ऊब द्यावी.

न दिसणारा वायू

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. कोळसा, लाकूड, पेट्रोल, गॅस यांचे ज्वलन अपुरे झाले की तो तयार होतो. बंद घरात कोळशाची शेगडी, गॅरेजमध्ये चालू ठेवलेली मोटार किंवा खिडकीजवळ ठेवलेले जनित्र यांमुळे झोपेतच जीव जाऊ शकतो. जनित्र घराबाहेर, दारे-खिडक्यांपासून किमान सहा मीटर अंतरावर असावे. स्वयंपाकाच्या गॅसवर किंवा ओव्हनवर खोली तापवू नये.

हा धोका पुण्यातही आहे. हिवाळ्यात बंद न्हाणीघरात गॅस गीझर लावून स्नान करणे, दारे-खिडक्या लावून शेगडी पेटवणे यांतही हाच वायू साठतो. गॅस गीझर न्हाणीघराबाहेर, हवेशीर जागी बसवावा. तशी सोय होईपर्यंत दार उघडे ठेवून बादली भरावी, गीझर बंद करावा आणि मगच स्नानास जावे. घरातील अनेकांचे डोके एकाच वेळी दुखू लागले, मळमळ किंवा चक्कर आली, तर सर्वांनी आधी मोकळ्या हवेत यावे.

कर्वेनगरातील इमारतींसाठी

आपल्याकडे पाइप गोठत नाहीत, पण साखळी तीच आहे. महापालिकेचे पाणी जमिनीखालील टाकीत येते, मोटरने गच्चीवरील टाकीत चढते आणि तेथून घरात उतरते. वीज गेली की गच्चीवरील टाकी संपेपर्यंतच पाणी. देखभालीच्या कामासाठी गुरुवारी पाणी बंद असल्याची सूचना पुणेकरांच्या परिचयाची आहे. त्याच दिवशी वीजही गेली, तर संध्याकाळपर्यंत अनेक सोसायट्या कोरड्या पडतात.

सोसायटीचे जनित्र असल्यास ते पाण्याच्या मोटरला जोडलेले आहे का, हे सभासदांनी एकदा पाहावे. पुष्कळ ठिकाणी ते केवळ उद्वाहन आणि जिन्यातील दिव्यांपुरतेच असते. वीज गेल्यावर जमिनीखालील टाकीतून हाताने पाणी काढण्याची सुरक्षित सोय आहे का, टाकीच्या झाकणाची किल्ली कोणाकडे आहे, वरच्या मजल्यावर एकटे राहणारे ज्येष्ठ कोण आहेत आणि कोणाच्या घरी ऑक्सिजनचे यंत्र आहे, याची यादी रखवालदाराच्या खोलीत असावी.

नदीकाठच्या इमारतींनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. २५ जुलै २०२४ रोजी मुसळधार पाऊस आणि खडकवासल्यातून सोडलेले सुमारे ३५ हजार क्युसेक पाणी यांमुळे मुठेपलीकडील सिंहगड रस्त्यालगतच्या सोसायट्यांत पाणी शिरले. त्याच पहाटे डेक्कन परिसरात विजेचा धक्का बसून तिघांचा मृत्यू झाला. तळमजल्यावर पाणी शिरू लागताच, पाण्यात पाय न घालता पोहोचता येत असेल तरच मुख्य स्विच बंद करावा. अन्यथा १९१२ या क्रमांकावर महावितरणला कळवून पुरवठा बंद करून घ्यावा.

पुरवठा सुरू झाल्यावर

वीज येताना दाब कमीजास्त होतो. त्यामुळे शीतकपाट, संगणक, दूरचित्रवाणी संच यांचे स्विच आधीच बंद ठेवावेत आणि वीज आल्याचे कळण्यापुरता एक दिवा चालू ठेवावा. टाकीत पाणी आल्याची खात्री होईपर्यंत विजेचा गीझर लावू नये, कोरडा गीझर जळतो. सुरुवातीचे गढूळ पाणी सोडून द्यावे. पाणी शुद्ध असल्याचे जाहीर होईपर्यंत ते खळखळून उकळी फुटल्यावर किमान एक मिनिट उकळून, झाकून थंड करून प्यावे. गढूळ पाणी उकळण्यापूर्वी निवू द्यावे व स्वच्छ कापडाने गाळावे. तुरटीने गाळ खाली बसतो, पण जंतू मरत नाहीत. उकळणे शक्य नसेल, तर क्लोरीनचे थेंब बाटलीवरील सूचनेप्रमाणे वापरावेत.

टेक्सासमध्ये त्या आपत्तीनंतर वीजकेंद्रांना थंडीसाठी सज्ज होणे बंधनकारक करणारा कायदा २०२१ मध्येच झाला. पुण्यात पानशेत आणि खडकवासला पुन्हा बांधले गेले. पुढे वरसगाव आणि टेमघर यांची भर पडून चार धरणांची साठवण क्षमता २९ टीएमसीच्या पुढे गेली. शासनाने करायची ही कामे आहेत. मात्र धरण कितीही भरलेले असले, तरी मोटर बंद पडल्यावर चौथ्या मजल्यावरील घराला आधार असतो तो स्वयंपाकघरातील भरलेल्या पिंपाचा. पूर्वी रोज रात्री हंडे-कळश्या भरून ठेवल्याशिवाय घर झोपत नसे. ती सवय गरिबीची खूण नव्हती. कर्वेनगरात असो वा डॅलसमध्ये, ती पुन्हा लावून घेण्यास काही खर्च येत नाही.