निजामाचे बिल आणि माझे

समन्स घेऊन बेलीफ दारात आला तेव्हा मी नळदुर्गच्या किल्ल्यावर एक लेख लिहायला बसलो होतो. बेलीफ माझा जुना विद्यार्थी निघाला. मागच्या बाकावर बसायचा. आमच्या गावात तीस वर्षे मास्तरकी केली की जन्माच्या दाखल्यापासून जप्तीपर्यंत सगळी कागदपत्रे विद्यार्थ्यांच्याच हातून येतात.

"गुरुजी, सही करा," तो म्हणाला.

"आणि नाही केली तर?"

"मग दाराला चिकटवावं लागतंय. नवा रंग आहे दाराचा. कशाला उगं?"

रंगाचा मुद्दा मला पटला. मी सही केली. तो रंग, ते दार आणि ते घर हेच तर भांडणाचे मूळ होते.

घराचा नकाशा काढणारे इंजिनियर हेही माझे विद्यार्थी. (हे मागच्या बाकावरचे नव्हेत, पुढच्या.) दर विचारला तेव्हा ते म्हणाले होते, "सर, तुमच्याकडून काय घ्यायचं!" आयुष्यात मी जी महागडी वाक्ये ऐकली त्यांत या वाक्याचा नंबर पहिला. घर बांधून झाल्यावर बिल आले. त्यात नकाशा होता, स्लॅबचे डिझाइन होते, नगरपालिकेची परवानगी होती. या कलमांवर माझे काहीच म्हणणे नव्हते. पण खाली 'देखरेख, महिने चौदा' असे एक कलम होते. त्यांतले सहा महिने बांधकाम बंद होते. पैसे संपले होते, नंतर वाळू संपली होती आणि मग पावसाळा लागला. त्या सहा महिन्यांत देखरेख करण्यासारखे तिथे काय होते? तर उघडे कॉलम आणि त्यांना बांधलेली शेजाऱ्यांची शेळी!

मी पैसे देणार नाही म्हणालो. त्यांनी वकिलामार्फत नोटीस दिली. मी नोटिशीतल्या शुद्धलेखनाच्या चुका लाल शाईने दुरुस्त करून ती परत पाठवली. ते करायला नको होते. त्यावरच दावा दाखल झाला.

दिवाणी दाव्यात समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत आपली कैफियत दाखल करावी लागते. मी ती लिहायला बसलो, आणि शेजारीच नळदुर्गच्या लेखाचे कागद पसरलेले. दोन्ही कागद आलटून पालटून वाचताना तिसऱ्या दिवशी एकदम लक्षात आले की, हे तर एकच प्रकरण आहे! फक्त एक माझे होते आणि दुसरे हैदराबादच्या निजामाचे. आणि त्याच्या बिलापोटी गेले होते ते आमचे धाराशिव.

गोष्ट सुरू होते १८०० साली. त्या वर्षी निजामाने ईस्ट इंडिया कंपनीशी कायमच्या मैत्रीचा तह केला. कंपनीने निजामाच्या रक्षणासाठी तैनाती फौज ठेवायची, आणि तिच्या खर्चापोटी निजामाने टिपूशी झालेल्या लढायांतून मिळालेला बळ्ळारी-कडप्याकडचा मुलूख कंपनीला द्यायचा. म्हणजे पैसे आगाऊ, एकरकमी आणि जमिनीच्या रूपाने. इथे हिशेब मिटायला हवा होता. पण त्या तहात बारावे कलम होते. लढाई लागली तर निजामाने आपले सहा हजार पायदळ आणि नऊ हजार घोडेस्वार मदतीला द्यावेत, असे ते कलम. लढाई लागली तर. हे तीन शब्द नीट लक्षात ठेवा. पुढे दोन जिल्हे आणि एक अख्खा वऱ्हाड या तीन शब्दांत बुडाला.

निजामाची फौज कामाची नाही असे ठरवून हेन्री रसेल या रेसिडेंटाने इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली नवी फौज उभी केली. तीच पुढे हैदराबाद कंटिंजंट म्हणून ओळखली गेली. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि लढाई संपली. फौज मात्र संपली नाही. ती पुढे पस्तीस वर्षे राहिली आणि तिचे वर्षाचे बिल सुमारे चाळीस लाखांचे येत राहिले. कामावर माणसे आणि शस्त्रे होती. फक्त शत्रू नव्हता. माझ्याकडे निदान शेळी तरी होती.

या फौजेत अधिकाऱ्यांना पगार आणि भत्ते चांगले असत, आणि बिचारा निझी सगळ्याचे पैसे भरतो अशा अर्थाची म्हण त्यांच्यात पडली होती. निझी म्हणजे निजाम. ज्याचे मीठ खायचे त्याला लाडाने असे नाव ठेवणे ही फार जुनी रीत आहे. आमचे इंजिनियर मला मागे काय म्हणत असतील याची चौकशी मी केली नाही.

बरे, पैसे आणायचे कुठून? दिवाण चंदुलाल यांनी ते हैदराबादच्या विल्यम पामर आणि कंपनी या पेढीकडून उचलले. व्याज शेकडा चोवीस-पंचवीस. या पेढीतल्या एका भागीदाराची बायको खुद्द गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्जच्या घरात वाढलेली. तेव्हा त्या व्याजाकडे वरून कोणी फार बारकाईने पाहिले नाही. १८२० साली मेटकाफ रेसिडेंट होऊन आला तेव्हा त्याने पाहिले आणि बोभाटा झाला. मग पामरचे देणे कंपनीने भागवले. त्याची भरपाई कशी केली, ते ऐकण्यासारखे आहे. आंध्रच्या किनाऱ्यावरच्या उत्तर सरकार प्रांतापोटी उलट कंपनीच निजामाला दर साल सात लाख पेशकश देत असे. ती पेशकश १८२३ मध्ये कायमची रद्द झाली, सुमारे एक कोटी सोळा लाखांच्या मोबदल्यात. म्हणजे सात लाखांचे बारमाही उत्पन्न गेले ते सावकार फेडण्यात, आणि सावकार झाला होता फौजेच्या बिलासाठी. फौज होतीच. बिल पुन्हा सुरू.

इथे मी निजामाची बाजू घेऊन कैफियत लिहायला निघालो होतो. पण आमचे वकील (हे विद्यार्थी नव्हेत, त्यामुळे फी आधी घेतात) म्हणाले, "गुरुजी, सहा महिन्यांची देखरेख नको, असं तुम्ही त्यांना कधी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? काम बंद होतं हे दिसत नव्हतं?"

"ते दर आठवड्याला येत होते का?"

"येत होते."

"तुम्ही काय करत होता?"

मी चहा देत होतो! मग वकिलांनी १८७२ च्या करार कायद्याचे ७० वे कलम काढून दाखवले. फुकट करायचे म्हणून नव्हे, अशा हेतूने कोणी तुमच्यासाठी काही कायदेशीर काम केले आणि तुम्ही त्याचा लाभ घेतला, तर मोबदला द्यावा लागतो. लेखी करार असो वा नसो.

निजामाचीही हीच पंचाईत होती. त्याच्या दिवाणाने ही फौज बंडखोर जमीनदारांकडून वसुली करायला खुशाल वापरली. फौज नको असे ठामपणे त्या पस्तीस वर्षांत दरबारातून कोणी लिहून दिले नाही. चहा चालू होता. त्यामुळे डलहौसीची बाजू गंमतीदार झाली. त्याने आपल्या टिपणात सरळ कबूल केले की, १८०० च्या तहाने शांततेच्या काळात ही फौज पोसायचे बंधन निजामावर येत नाही, आणि प्रामाणिक माणूस म्हणून आपल्याला तसे म्हणता येणार नाही. एवढे लिहून त्याने बिल काही सोडले नाही. तुम्ही इतकी वर्षे चालू दिलेत, आता भरा, एवढेच!

बिल किती? तर ४३ लाख. माझे बिल ४३ हजारांचे होते असे सांगितले असते तर लेख छान जुळला असता, पण ते ३८ हजार ५०० होते.

निजामाकडे उलट मागणीही होती. सिकंदराबाद आणि जालन्याच्या छावण्यांतल्या दारूचा कर, म्हणजे अबकारी, कंपनीने चाळीस वर्षे स्वतःकडे ठेवला होता. तो आमचा आहे, वर्षाला लाखभर धरा आणि वजा करा, असे हैदराबादचे म्हणणे. बेरीज करून पाहा. देणे आणि येणे जवळजवळ फिटते. ही बेरीज मला इतकी आवडली की मीही माझ्या कैफियतीत प्रतिदावा घातला. इंजिनियरसाहेबांच्या दुसऱ्या एका साइटची साठ पोती सिमेंट माझ्या पडवीत आठ महिने पडून होती, तिचे भाडे. वकिलांनी तो वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "घालू. शोभा येईल."

निजामाचा प्रतिदावा ऐकायला न्यायाधीशच नव्हता. वादी तोच, न्यायाधीश तोच आणि बेलीफही तोच. बेलीफाचे नाव कर्नल लो. त्याने तहाचा मसुदा नासिरुद्दौलापुढे ठेवला. निजाम चिडला, विनवण्या करून पाहिल्या, पैसे भरतो म्हणाला, पण शेवटी २१ मे १८५३ रोजी तह झाला. वऱ्हाड, रायचूर दुआब आणि पश्चिम सीमेवरचा नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. दिवाण सिराजुल्मुल्क त्यानंतर थोड्याच दिवसांत वारला आणि त्याचा चोवीस वर्षांचा पुतण्या दिवाण झाला. तोच सालारजंग. पुढची तीस वर्षे त्याने हे बिल पुन्हा उघडण्यात घालवली.

आता नळदुर्गावर वसुलीला कोण आले ते पाहा. कर्नल मेडोज टेलर. 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' लिहिणारा. हा गृहस्थ पोरवयापासून निजामाच्याच चाकरीत, म्हणजे निझीच्या पगारावर वाढलेला. आणि त्याची बायको कोणाची मुलगी? पामर पेढीच्या विल्यम पामरची! ज्या फौजेच्या पगारासाठी सासऱ्याने कर्ज दिले, त्याच फौजेच्या थकबाकीपोटी आलेला मुलूख जावयाने सांभाळला. तुम्ही हे नाटकात घातले असते तर परीक्षकांनी 'योगायोगांची रेलचेल' म्हणून दोन गुण कापले असते.

माणूस मात्र भला होता, हे म्हटले पाहिजे. किल्ल्यात राहिला, जमिनीची मोजणी केली, रस्ते केले, लोकांच्या भाषेत लोकांशी बोलला. त्याच्या 'तारा' कादंबरीची नायिका तुळजापूरची. वसुलीला आलेल्या माणसाने गावावर कादंबरी लिहावी, असे माझ्या माहितीत तरी दुसरे उदाहरण नाही.

सात वर्षांनी, १८५७ मध्ये हैदराबाद इंग्रजांच्या बाजूने राहिल्याचे बक्षीस म्हणून, १८६० चा तह झाला. नळदुर्ग-धाराशिव आणि रायचूर परत मिळाले, सुमारे पन्नास लाखांचे देणे माफ झाले. वऱ्हाड मात्र इंग्रजांकडेच राहिला. आणि एक अट घातली गेली: घेतलेल्या मुलखाच्या मागच्या, चालू किंवा पुढच्या जमाखर्चाचा हिशेब निजामाने कधी मागायचा नाही. त्याच वर्षी रेसिडेंट डेव्हिडसन, जो १८५३ मध्ये लोचा मदतनीस होता, त्याने लिहून ठेवले की, दोन्ही सरकारांच्या मागण्या निःपक्षपातीपणे पाहिल्या असत्या तर त्या ४३ लाखांवर आपला न्याय्य हक्कच नव्हता. माफी आधी आणि कबुली सोबत. हिशेब मात्र विचारायचा नाही!

माझे प्रकरण लोकअदालतीत गेले. तिथे दोघांना समोरासमोर बसवतात. इंजिनियर मान खाली घालून बसले होते, वर्गात उत्तर आले नाही की बसत तसेच. खर्च विचारल्यावर हळूच म्हणाले, "सर, तुमचं काम बंद पडलं तेव्हा माझं पण बंदच होतं. तुमच्याकडं यायचो ते, घरी बसून काय करायचं म्हणून. हिशेब मुलानं केला." मला तो चौदा महिने दिलेला चहा आठवला. खरे सांगायचे तर मलाही त्या दिवसांत कोणी येऊन बसले की बरे वाटायचे. अर्धवट घराकडे एकट्याने पाहवत नसे.

आठ महिन्यांची देखरेख धरली, सहाची सोडली. पडवीचे भाडे मी सोडले. कोर्ट फी त्यांना परत मिळाली. लोकअदालतीत मिटले की मिळते. कागदावर लिहिले होते की, यापुढे उभयतांची एकमेकांवर कसलीही मागणी राहिलेली नाही. मी ते दोनदा वाचले. हिशेब मागायचा नाही असे कुठे नाही ना, तेवढे पाहिले आणि सही केली.

त्या पावसाळ्यात त्यांनीच आपल्या गाडीतून आम्हा दोघांना तुळजापूरवरून नळदुर्गला नेले. बोरी नदी भरून वाहत होती. पाणीमहालाच्या अंगावरून नर आणि मादी दोन्ही धबधबे कोसळत होते. इब्राहिम आदिलशहाच्या वेळचा, चारशे वर्षांचा बंधारा. इंजिनियर बराच वेळ हात मागे बांधून बांधकामाकडे पाहत राहिले.

"सर," ते म्हणाले, "तुमच्या गच्चीच्या पॅरापेटला बारीक चीर पडलीय. येताना दिसली मला. एकदा येऊन बघून जाईन म्हणतो."

मी 'या की' म्हणायला तोंड उघडले, तेवढ्यात मागून सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, आधी दर विचारा."