जस्ताचा मुलामा, खारा वारा आणि भिंतीतला पाइप

मद्रास शहराला रेड हिल्स तलावाचे पाणी १८७२ साली मिळू लागले. पुढे १९१४ साली किलपॉक येथे वाळूच्या गाळण्या उभ्या राहिल्या. कलकत्त्यात टाला येथील प्रचंड पोलादी टाकी १९११ साली वापरात आली. आपल्या जलपुरवठ्याचा इतिहास अशा तलावांच्या, गाळण्यांच्या आणि टाक्यांच्या नोंदींनी भरलेला आहे. त्यातले शेवटचे काही मीटर मात्र क्वचितच कोणाच्या लेखणीखाली येतात, कारण ते आपल्या घराच्या भिंतीत असतात. उष्ण, दमट किनाऱ्यावर पाणी चांगले की वाईट, याचा निकाल पुष्कळदा तेथेच लागतो.

लोखंड गंजण्यासाठी पाणी आणि प्राणवायू पुरेसे असतात. पाण्यात मीठ मिसळले की ते विजेचे चांगले वाहक होते आणि गंजण्याची विद्युत-रासायनिक क्रिया वेग घेते. समुद्रावरून येणारा वारा मिठाचे सूक्ष्म कण आणून पाइपवर बसवतो. ते कण हवेतील ओलावा शोषून घेतात, त्यामुळे पाऊस नसतानाही धातूचा पृष्ठभाग ओला राहतो. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी मचूळ असेल, तर हाच हल्ला आतूनही होतो. वरून उष्म्याची भर पडते.

यावर पहिला मोठा उपाय जस्ताचा. त्याची एक मुळे भारतातच आहेत. जस्ताच्या खनिजातून धातू मिळवणे अवघड असते, कारण भट्टीच्या तापमानाला तो वितळून साठत नाही, वाफ होऊन निसटतो. राजस्थानात उदयपूरजवळील जावर येथील कारागिरांनी ही वाफ बंद मुशीतून खाली उतरवून थंड करण्याची पद्धत मध्ययुगातच मोठ्या प्रमाणावर राबवली होती. इंग्लंडमध्ये विल्यम चँपियन याने जस्त गाळण्याचे पेटंट घेतले ते १७३८ साली. लोखंडावर जस्ताचा मुलामा देण्याचे पेटंट फ्रान्समध्ये स्तानिस्लास सोरेल याला १८३७ साली मिळाले. मुलाम्यावर ओरखडा पडला, तरी जस्त आधी झिजते आणि लोखंड वाचते. विसाव्या शतकात घरोघरी पोहोचलेला ‘जीआय पाइप’ याच तत्त्वावर टिकतो.

परंतु हे संरक्षण उसने असते. जस्त संपले की लोखंड उघडे पडते. साधारण ६० अंश सेल्सिअसच्या वरच्या पाण्यात काही वेळा जस्त आणि लोखंड यांचे नाते उलटते आणि लोखंडच आधी झिजू लागते, म्हणून गीझरच्या वाटेवर जीआय पाइप भरवशाचा नसतो. तांब्याचा पाइप त्याला थेट जोडला, तर सांध्यापाशी झीज वाढते. स्वातंत्र्यानंतर या विषयाला हक्काची संस्था मिळाली. अळगप्पा चेट्टियार यांनी दिलेल्या ३०० एकर जमिनीवर आणि १५ लाख रुपयांवर तमिळनाडूतील कारैकुडी येथे केंद्रीय विद्युत-रसायन संशोधन संस्था उभी राहिली. १९४८ साली तिची पायाभरणी झाली आणि १९५३ साली तिचे उद्घाटन झाले. रामेश्वरमजवळील मंडपम येथे खाऱ्या वाऱ्यात धातू किती टिकतात, याचा अभ्यास तिने केला.

मग प्लास्टिक आले. ते गंजत नाही. पण साध्या पीव्हीसी पाइपचे भारतीय मानक ४५ अंशांपर्यंतच्या थंड पाण्यासाठी आहे. गच्चीवर उघड्या उन्हात तो ठिसूळ होतो आणि गरम पाण्याला तो चालत नाही. तेथे सीपीव्हीसी लागतो. पीव्हीसी टिकाऊ करण्यासाठी शिसेयुक्त रसायने वापरली जात. त्यातले शिसे पाण्यात उतरू शकते आणि लहान मुलांच्या मेंदूला त्याचा धोका सर्वाधिक असतो. केंद्र सरकारने २०२१ साली पीव्हीसी पाइपमधील शिशाबाबत स्वतंत्र नियम केले. पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम आहे. भिंतीत पुरलेले जुने पाइप मात्र नव्या नियमाने बदलत नाहीत.

पाणीही बदलत गेले. उपशामुळे चेन्नईच्या उत्तरेस मिंजूर परिसरात समुद्राचे पाणी भूगर्भातून आत सरकले. तमिळनाडूने २००३ साली इमारतींना पावसाचे पाणी जिरवणे सक्तीचे केले. मिंजूरला २०१० साली समुद्राचे पाणी गोडे करणारा प्रकल्प सुरू झाला. असे निःक्षारित पाणी क्षार पुन्हा न मिसळता सोडले, तर पाइप खाते. म्हणजे पाणी फार खारे असले तरी घात, फार कोरे असले तरी घात.

ओडिशातील पुरी येथे जुलै २०२१ मध्ये नळाचे पाणी चोवीस तास आणि थेट पिण्यायोग्य देणारी योजना सुरू झाली. पाइपात सतत दाब राहिला की गळक्या जागेतून बाहेरची घाण आत ओढली जात नाही. हेच पाणी घरात न झाकलेल्या टाकीत साठवले, तर दारापर्यंत आलेली शुद्धता तेथेच संपते.

म्हणून किनाऱ्यावर घर असणाऱ्यांनी एवढे पाहावे. भिंतीत कोणता पाइप आहे आणि तो कधीचा, हे लिहून ठेवावे. तांबे आणि जीआय जोडायचेच असेल, तर मध्ये वीजरोधक सांधा घालावा. बोअरचे आणि नगरपालिकेचे पाणी एका टाकीत मिसळू नये. उघड्यावरच्या पीव्हीसी पाइपला रंग किंवा आवरण द्यावे. टाकीचे झाकण घट्ट असावे आणि हवेच्या नळीला जाळी असावी, कारण शहरी हिवतापाचा अ‍ॅनॉफिलिस स्टिफेन्सी आणि डेंग्यूचा एडिस हे दोन्ही डास अशा स्वच्छ, साठलेल्या पाण्यात वाढतात. पाणी सकाळी तांबूस येत असेल, तर ते काही वेळ वाहू देऊन सोडून द्यावे आणि पाइप तपासून घ्यावा. पाइप जुना असेल, तर स्वयंपाकघरातील नळाचे पाणी एकदा प्रयोगशाळेत द्यावे, आणि त्यात शिसे तपासायला आवर्जून सांगावे. नेहमीच्या साध्या तपासणीत ते असेलच असे नाही.

जलशुद्धीकरण केंद्रातील पाणी रोज तपासले जाते. भिंतीतील पाइपातून आलेले पाणी तपासायला कोणी येत नाही. ते काम घरमालकाचेच आहे.