मोतीबिंदू, मुतखडा आणि मोजणी

मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी डोळ्यांच्या डॉक्टरांनी माझ्या मामांना विचारले, "आजोबा, लघवीसाठी काही गोळी चालू आहे का?" मामा गडबडले. डोळे दाखवायला आलेल्या माणसाला लघवीचे कशाला विचारायचे, हे त्यांना कळेना. संकोचतच त्यांनी खिशातली गोळ्यांची पट्टी काढून दिली. टॅमसुलोसिन. प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांना सर्रास दिली जाणारी गोळी. डॉक्टरांनी ते नाव केसपेपरवर लाल शाईने लिहिले. त्या लाल अक्षरांनी मला तीन वर्षे झपाटले आहे.

कारण साधे निघाले. ही गोळी मूत्राशयाच्या तोंडाशी आणि प्रोस्टेटमध्ये असलेले स्नायू सैल करते, म्हणून लघवी मोकळी होते. पण त्याच जातीचा स्नायू डोळ्याच्या बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्यातही असतो. तोही सैलावतो. ऐन शस्त्रक्रियेत पडदा ओल्या कापडासारखा फडफडतो, बाहुली आकसते आणि पडदा छेदातून बाहेर येऊ पाहतो. डेव्हिड चँग आणि जॉन कॅम्पबेल या अमेरिकी नेत्रतज्ज्ञांनी 2005 मध्ये हा संबंध उघड केला. दोघे मिळून त्यांनी हजाराहून जास्त रोग्यांच्या शस्त्रक्रिया तपासल्या, तेव्हा कुठे लघवीची गोळी सापडली.

मूत्राशय आणि डोळा. शरीरातली ही दोन दूरची घरे. यांचा संबंध 2005 मध्ये जुळला असे मी धरून चाललो होतो, पण मागे मागे जात राहिलो तसे उलटेच दिसले. शस्त्रक्रिया केलेल्या माणसाचे पुढे काय झाले, हे मोजण्याची रीतच या दोन घरांच्या ओसरीवर जन्मली, असे माझे ठाम मत झाले आहे. तिची ही कुळकथा.

सुरुवात शब्दापासून करतो, कारण गुपित तिथेच आहे.

'मुतखडा' हा शब्द सरळ आहे, मूत आणि खडा. संस्कृत ग्रंथांत तो अश्मरी. 'मोतीबिंदू' मात्र सरळ नाही. नेहमीचा खुलासा असा की पिकलेल्या भिंगामुळे बाहुली मोत्यासारखी पांढरी दिसते, म्हणून मोतीबिंदू. मग 'बिंदू' कशाला? पांढरा डाग म्हणता आला असता, फूल म्हणता आले असते. डोळ्यात 'फूल पडणे' हा शब्दप्रयोग आपल्याकडे आहेच.

दुसरा खुलासा पश्चिमेकडून येतो. ग्रीक वैद्य या रोगाला 'हायपोकायमा' म्हणत, म्हणजे खाली ओघळलेला द्रव. अरबी वैद्यांनी त्याचे 'नुझूल अल्-मा' केले, म्हणजे पाण्याचे उतरणे. ते लॅटिनमध्ये गेले तेव्हा 'कॅटरॅक्टा' झाले, म्हणजे धबधबा. इंग्रजीतला 'कॅटरॅक्ट' तोच. युनानी हकिमांबरोबर हे 'पाणी उतरणे' भारतात आले आणि त्याचा थेंब झाला, असा हा पक्ष. पक्ष आकर्षक आहे, पण त्यात मोती कुठून आला याचे उत्तर नाही.

माझा पक्ष सुश्रुताचा. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कफामुळे होणाऱ्या लिंगनाशाचे, म्हणजे दृष्टी घालवणाऱ्या या रोगाचे, वर्णन करताना कमळाच्या हलत्या पानावरच्या पांढऱ्या जलबिंदूची उपमा आहे. 'बिंदू' इथे सापडला. आणखी पुढे, सतराव्या अध्यायात, सुईने भिंग सरकवण्याची शस्त्रक्रिया सांगण्याआधी ती कोणावर करू नये याची यादी येते. दोष अर्धचंद्रासारखा, घामाच्या थेंबासारखा किंवा मोत्यासारखा दिसत असेल, त्यात रेषा असतील, दुखत असेल, लाली असेल, तर हात लावू नये. त्या यादीच्या एकाच समासात 'बिंदु' आणि 'मुक्ता' शेजारी शेजारी बसले आहेत. मोती आणि बिंदू!

मूळ अर्थाने पाहिले तर ते दोन वेगळे आकार आहेत, हे मला मान्य आहे. पण पाठ करणाऱ्या वैद्यांच्या जिभेवर शेजारचे शब्द एकजीव होतात, हा आपल्या भाषांचा रोजचा अनुभव आहे. मोतीबिंदू हा शब्द या समासातून उतरला, असा माझा तर्क आहे. शब्दांची सरमिसळ या रोगांत नवी नाही. सुश्रुताचा 'काच' हा लिंगनाशाच्या आधीचा टप्पा होता. मराठीत 'काचबिंदू' झाला आणि डोळ्यातला दाब वाढणाऱ्या निराळ्याच रोगाला चिकटला. ग्रीक 'ग्लॉकोमा'चीही तीच गत झाली. आधी तो भिंगाच्या दोषाला म्हणत, आता काचबिंदूला म्हणतात. ग्रीस आणि भारत, दोन्हीकडे नाव एकाच रस्त्याने घसरले.

माझा तर्क कोणी मानो न मानो, त्यातली एक गोष्ट कोणी नाकारू शकणार नाही. मोती आणि बिंदू हे शब्द सुश्रुताकडे 'ऑपरेशन करू नका' या यादीत येतात. कोणता रोगी निवडायचा आणि कोणता सोडायचा यावर निकाल ठरतो, हे त्याला पक्के ठाऊक होते. मुतखड्याबाबत तर तो आणखी स्पष्ट बोलतो. कापले नाही तर मरण नक्की, कापले तर काय होईल याचा संशय, म्हणून वैद्याने आधी राजाची परवानगी घ्यावी. संशय त्याने नोंदवला. तो आकड्यात मांडायला मात्र पुढची अनेक शतके जावी लागली.

का जावी लागली? कारण हे काम करणारा माणूस गावात थांबत नव्हता.

हिपोक्रेटिसच्या नावाने चालणाऱ्या शपथेत वैद्य म्हणतो की मी खड्यासाठी कापणार नाही, ते काम त्यातल्या कारागिरांवर सोडीन. युरोपात हे कारागीर फिरते होते, आणि जो खडा काढी तोच बहुधा डोळ्यात सुई घाली. सोळाव्या शतकातला पिएर फ्रँको हर्निया, मुतखडा आणि मोतीबिंदू तिन्ही करी. जर्मनीतला आयझेनबार्थ जत्रेजत्रेत खडे काढी आणि डोळे उघडी. दोन्ही शस्त्रक्रियांचा तत्काळ परिणाम डोळे दिपवणारा. खडा ताटात वाजतो, आंधळ्याला बोटे दिसतात, लोक टाळ्या वाजवतात. पू होतो, ताप चढतो, डोळा जातो तो आठवड्याने. तोवर वैद्याची गाडी दोन गावे ओलांडून गेलेली असे.

जॉन टेलर हा यातला सर्वांत कुप्रसिद्ध. 1750 मध्ये त्याने लाइपझिगला संगीतकार बाखच्या डोळ्यांवर दोनदा शस्त्रक्रिया केली. बाखची दृष्टी परत आली नाही आणि त्याच वर्षी तो वारला. या टेलरचा गुरू कोण? लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलचा विल्यम चेसल्डन. इथे माझ्या कथेची गाठ बसते, कारण गुरू थांबला आणि शिष्य फिरला.

चेसल्डन मुतखड्याचा शल्यविशारद म्हणून गाजला. त्याचा हात इतका जलद चाले की भूल नसलेल्या त्या काळात रोगी त्याच्याच नावाने हॉस्पिटलात येत. त्यानेच 1728 मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात, लहानपणापासून न दिसणाऱ्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला डोळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर जग कसे दिसले, याचा वृत्तांत छापला. तत्त्ववेत्ते त्यावर शतकभर वाद घालत राहिले. म्हणजे खडा आणि डोळा एकाच हातात. पण मला भावतो तो त्याच्या शरीररचनेच्या पुस्तकाच्या नंतरच्या आवृत्तीतला छोटासा हिशेब. हॉस्पिटलात 213 जणांचे खडे काढले. पहिल्या 50 मध्ये 3 दगावले, दुसऱ्या 50 मध्ये 3, तिसऱ्या 50 मध्ये 8, शेवटच्या 63 मध्ये 6. एकूण 20. पुढे वयाप्रमाणे फोड आहे. दहा वर्षांखालच्या 105 मुलांत 3 मृत्यू, दहा ते वीस वयाच्या 62 मध्ये 4, पन्नास ते साठच्या 7 मध्ये मात्र 4.

तिसऱ्या पन्नाशीत आकडा का वाढला, हेही त्याने लपवले नाही. नाव झाल्यावर अगदी म्हातारे आणि आशा सुटलेले रोगी येऊ लागले. शिवाय सुधारणा होईल म्हणून त्याने छेद थोडा खाली घेऊन पाहिला आणि ती चूक ठरली. खाजगी रोग्यांचा हिशेब दिला नाही, कारण त्याला पुरेसे साक्षीदार नव्हते. ही तीन वाक्ये मला आजच्या कुठल्याही शोधनिबंधाइतकी मोलाची वाटतात. रोग्यांची निवड, पद्धतीतला बदल आणि साक्ष, तिन्ही यात आले.

आता प्रतिपक्ष. इतिहासाची पुस्तके वैद्यकातल्या मोजणीचे श्रेय सहसा पॅरिसच्या पिएर लुईला देतात. त्याने रक्त काढण्याच्या उपचाराचा फोलपणा 1835 मध्ये आकड्यांनी दाखवला. कोणी फ्लॉरेन्स नाइटिंगेलचे नाव घेतात, कोणी बोस्टनच्या कॉडमनचे. हे सगळे चेसल्डननंतरचे, म्हणून मी ते बाजूला ठेवतो. खरा प्रतिस्पर्धी एकच, जेम्स ज्युरिन. रॉयल सोसायटीचा हा सचिव 1720 च्या दशकात देवी टोचून घेतलेल्यांतले मृत्यू आणि नैसर्गिक देवींतले मृत्यू मोजून तुलना छापत होता. लंडन तेच, सोसायटी तीच. पुढे ज्युरिन गाइज हॉस्पिटलात वैद्य झाला आणि गाइज तर तेव्हा सेंट थॉमसच्या समोरच होते. चेसल्डनने मोजणी ज्युरिनकडून उचलली असे कोणी म्हणाले तर मी फार भांडणार नाही. पण ज्युरिन टोचणी मोजत होता. शस्त्र धरणाऱ्याने स्वतःच्या हातून मेलेल्यांची यादी स्वतः छापणे ही निराळी हिंमत आहे. आणि या ज्युरिनने पुढे काय लिहावे? एक दीर्घ निबंध स्पष्ट आणि अस्पष्ट दिसण्यावर, आणि स्वतःच्या मुतखड्यावर घेतलेल्या साबणखाराच्या औषधाचा वृत्तांत. प्रतिस्पर्धीही शेवटी माझ्याच दोन घरांत मुक्कामाला आला!

पुढचे टप्पे भराभर. फ्रान्सच्या जाक दाव्हिएलने भिंग खाली ढकलण्याऐवजी डोळ्याबाहेर काढले आणि 1753 मध्ये छापलेल्या निबंधात 206 पैकी 182 यशस्वी असा निकाल दिला. यश म्हणजे किती दिसणे आणि किती दिवस, हा प्रश्न तेव्हापासून नेत्रवैद्यांच्या मागे लागला. खड्यात माणूस जगला की मेला एवढे पुरे होते. डोळ्याने मोजणीला बारकावा शिकवला.

पॅरिसच्या जाँ सिव्हिएलने 1824 पासून न कापता, मूत्रमार्गातून यंत्र घालून खडा फोडायला सुरुवात केली. मग त्याने युरोपभरचे आकडे गोळा केले. कापलेल्या 5443 रोग्यांत मृत्यू शेकडा 19 च्या आसपास, फोडलेल्यांत शेकडा 2 च्या जवळ. 1835 मध्ये विज्ञान अकादमीने हे आकडे तपासायला समिती नेमली आणि तीत गणिती प्वासाँही होता. विरोधकांचा आक्षेप होता की लहान खड्याचे, सशक्त रोगी नव्या पद्धतीला मिळाले आणि उरलेले सुरीला. म्हणजे पुन्हा सुश्रुताची यादी!

आपल्याकडचे दोन धागे सांगितल्याशिवाय राहवत नाही. तंजावरचे मराठे राजे दुसरे सरफोजी यांच्या काळातल्या नेत्ररोग्यांच्या हकिगती, डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह, तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. राजाने स्वतः सुई धरली की नाही यावर वाद आहे. माझ्या मते मोठेपणा कागद जपण्यात आहे. आणि होळकरांच्या इंदुरात रेसिडेन्सी सर्जन कीगन यांनी 1880 च्या दशकात दाखवून दिले की लहान मुलांचाही खडा न कापता, फोडून काढता येतो. तोवर मोठमोठे तज्ज्ञ ते अशक्य मानत होते. इंदूरच्या रोग्यांची संख्या पुढे आली आणि मत बदलले.

दाव्हिएलने भिंग काढले, पण त्या जागी नवे बसवायला 29 नोव्हेंबर 1949 उजाडावा लागला. ते बसवले हॅरल्ड रिडली यांनी, सेंट थॉमस हॉस्पिटलात, म्हणजे चेसल्डनच्याच घरात.

आणि मामांची गोळी? कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात मोतीबिंदू काढलेल्या 66 वर्षे आणि त्यावरच्या 96,128 पुरुषांच्या नोंदी तपासून 2009 मध्ये निष्कर्ष आला. शस्त्रक्रियेआधीच्या दोन आठवड्यांत टॅमसुलोसिन घेतलेल्यांत नंतरच्या गंभीर गुंतागुंतीचा संभव सुमारे 2.3 पट होता. एकूण गंभीर घटना 284. इतक्या विरळ गोष्टीचा माग एकट्या डॉक्टरला आयुष्यभरात लागला नसता. तो लागला, कारण 96,128 जणांचे पुढे काय झाले हे कुणीतरी लिहून ठेवले होते. मामांचे ऑपरेशन नीट पार पडले, कारण डॉक्टर आधीच तयारीत होते.

म्हणून वाचकांना दोन विनंत्या. घरातल्या कुणाचा मोतीबिंदू काढायचा असेल तर चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी बरोबर न्या. लघवीची गोळी सांगायला लाजू नका, आणि ती आपल्या मनाने बंदही करू नका, कारण आधी बंद केल्याने धोका टळतोच असे नाही. दुसरी विनंती अशी की पट्टी निघाली, दिसू लागले, तरी सांगितलेल्या तारखेला तपासणीला जा. जुन्या काळी वैद्य गाव सोडून जाई आणि हिशेब अपुरा राही. आता डॉक्टर जागेवर असतात आणि रोगी परत येत नाही, हिशेब मात्र तसाच अपुरा राहतो.