बेवारशी पाकीट
बिटकॉइनचं पाकीट हे मुळात पाकीटच नव्हे! पैसे असतात जगभरच्या संगणकांवरच्या सामाईक खातेवहीत. पाकिटात नुसती किल्ली. २०११ पासून पुष्कळ मंडळींनी ही किल्ली ‘मल्टिबिट’च्या हवाली केली होती. २०१६ मध्ये कीपकी नावाच्या कंपनीनं ते विकत घेतलं, आणि जुलै २०१७ मध्ये ती सांगून मोकळी झाली: ह्यात दोष फार, दुरुस्तीला सवड नाही, आता ‘इलेक्ट्रम’कडे जा. आमच्या आजीच्या बटव्याची नाडी तुटली तर दुसरी ओवता येई. इथं परवलीचा शब्द चालेना म्हणून खोळंबलेल्या माणसानं हाक कुणाला मारायची? पैसे वहीत दिसताहेत हो! कुणी दमडीही चोरलेली नाही. फक्त किल्ली निघत नाही. बरं, भांडायचीही सोय नाही. पाकीट फुकटचं होतं!