कुणाचा तरी ओव्हरकोट



ऑक्टोबर सरत आला की मला दर वर्षी एकाच धर्तीच्या मेल यायला लागतात. कुणाचा भाचा, कुणाची मैत्रीण, कुणी जुना वर्गमित्र. मजकूर साधारण असा: "जानेवारीत तीन आठवडे शिकागोला (किंवा मिनियापोलिसला, किंवा डेट्रॉइटला) जायचंय. रोज क्लायंटसमोर उभं राहायचंय. बाहेर उणे पंधरा. कोट कुठून घेऊ?"

माझं उत्तर ठरलेलं आहे. तिकडून काही आणू नका. इथे उतरलात की पहिल्याच शनिवारी एखाद्या थ्रिफ्ट स्टोअरमध्ये जा आणि कुणीतरी वापरलेला, अस्सल लोकरीचा ओव्हरकोट घ्या.

यानंतर बहुधा मेल येणं थांबतं. :)

कारण उघड आहे. 'थ्रिफ्ट' शब्द कितीही गोंडस असला तरी आपल्या कानाला त्याचं भाषांतर एकच ऐकू येतं: उतरलेले कपडे. मोठ्या भावाचा शर्ट धाकट्याला होतो, आजीच्या लुगड्याची गोधडी होते, तिथे आपल्याला काही वाटत नाही. पण परक्याच्या अंगावरचं? छे! जुन्या कपड्यांशी आपला संबंध बोहारीण दारात यायची तेवढाच. चार साड्या, दोन पँटी, त्यावर एक स्टीलचं पातेलं आणि अर्धा तास घासाघीस. ती गाठोडं उचलून गेली की विषय संपला. ते कपडे पुढे धुतले जातात, रफू होतात, इस्त्री होऊन कुणीतरी विकत घेऊन अंगावर घालतं, हे आपण कधी विचारलंच नाही. त्या व्यवहारात आपण कायम देणाऱ्या बाजूला.

आणि खरं सांगायचं तर मुद्दा फक्त किळसेचा नाही. गावगाड्यात उतरलेले कपडे कुणाच्या वाट्याला यायचे हे जातीनं ठरलेलं असे. म्हणजे दुसऱ्याचा कपडा अंगावर घेणं म्हणजे आपली पायरी खाली आणणं, ही भीती आपल्यात खोल मुरलेली आहे. माझ्या आईला फोनवर कोटाबद्दल सांगितलं तेव्हा तिने एकच प्रश्न विचारला, "अरे, मेलेल्या माणसाचा असला तर?"

असेलही. पण गंमत अशी की अगदी हीच भीती एके काळी अमेरिकेतही होती. ती कशी गेली, ही गोष्ट मला त्या कोटाइतकीच उबदार वाटते. म्हणून हा लेखप्रपंच.

एकोणिसाव्या शतकात न्यू यॉर्कच्या चॅथम स्ट्रीटवर जुन्या कपड्यांची दुकानं होती. हातगाडी घेऊन दारोदार जुने कपडे गोळा करणारे फेरीवाले होते. त्यात युरोपातून आलेले ज्यू निर्वासित पुष्कळ. दुसरा धंदा करायला भांडवल नाही, नोकरी कुणी देत नाही, म्हणून हा धंदा. या कपड्यांतून देवीसारखे रोग पसरतात असं तेव्हा सर्रास बोललं जाई. त्यात थोडी रोगाची भीती होती, आणि बरीचशी तो कपडा विकणाऱ्या माणसाबद्दलची अढी होती. बोहारणीला उंबऱ्याच्या बाहेर बसवणारे आपण हे चांगलंच ओळखू शकतो.

हा डाग धुतला तो दोन ख्रिस्ती धर्मप्रचारकांनी. त्यातला एक तर आपल्या मुंबईशी संबंधित निघाला!

त्याचं नाव फ्रेडरिक टकर. जन्म १८५३चा, बिहारमधल्या मुंगेरचा. इंडियन सिव्हिल सर्व्हिसमधली नोकरी सोडून तो 'साल्व्हेशन आर्मी'त, म्हणजे विल्यम बूथ यांच्या 'मुक्तिफौजे'त दाखल झाला आणि १९ सप्टेंबर १८८२ रोजी छोटी तुकडी घेऊन मुंबई बंदरात उतरला. हे गोरे लोक देशी कपडे घालून रस्त्यावर वाजतगाजत मिरवणुका काढत. इंग्रज पोलिसांना ते मुळीच आवडलं नाही, अटका झाल्या. टकरने आपलं नावही 'फकीर सिंग' करून घेतलं. पुढे बूथ यांच्या मुलीशी लग्न करून तो बूथ-टकर झाला आणि १८९६ ते १९०४ अमेरिकेतल्या मुक्तिफौजेचा प्रमुख होता. याच काळात, १८९७ साली, न्यू यॉर्कमध्ये त्यांच्या पुरुषांच्या निवाऱ्याच्या तळघरात भंगार गोळा करण्याचं काम सुरू झालं. निवाऱ्यातली बेकार माणसं हातगाड्या घेऊन घरोघर जात, जुने कपडे आणि सामान आणत, दुरुस्त करत. ते विकून त्यांच्या जेवणाखाण्याचा खर्च निघे.

दुसरा माणूस मी राहतो त्या बॉस्टनचा. रेव्हरंड एडगर हेल्म्स हे साऊथ एंड भागातल्या मॉर्गन चॅपलचे मेथडिस्ट पाद्री. हा भाग तेव्हा गरीब निर्वासितांनी गच्च भरलेला. १९०२ साली हेल्म्स यांनी श्रीमंत वस्तीत कॉफीची रिकामी पोती देऊन त्यात जुने कपडे मागायला सुरुवात केली. पण फुकट वाटले नाहीत. वस्तीतल्याच बेकार लोकांना मजुरी देऊन ते दुरुस्त करून घेतले आणि थोडक्या किमतीला विकले. घेणाऱ्याला भीक घेतल्यासारखं वाटू नये, शिवणाऱ्याला पगार मिळावा. पुढे ब्रुकलिनमधल्या अशाच एका कार्यशाळेकडून १९१५मध्ये नाव घेतलं, 'गुडविल'. आज अमेरिकेत कुठल्याही गावात जा, ही पाटी दिसते.

बघा, कपडा तोच. हातगाडीवरून निर्वासिताने विकला तेव्हा रोगट, चर्चच्या दुकानात टांगला तेव्हा पुण्यकर्म. हे वाचल्यावर माझ्या मनातली उरलीसुरली अढी गेली.

आता तुमच्या कामाच्या इतिहासाकडे वळू. दुकानात शंभर कोट टांगलेले असतात, त्यातला चांगला कसा ओळखायचा? आमच्या भाषेत सांगायचं तर स्पेसिफिकेशन वाचा. ते आतल्या पट्टीवर छापलेलं असतं, आणि त्या पट्टीमागे मोठी भानगड आहे.

१८१३ साली इंग्लंडमध्ये यॉर्कशायरच्या बॅटली गावात बेंजामिन लॉ नावाच्या माणसाने लोकरीच्या चिंध्या पिंजून, त्यात थोडी नवी लोकर मिसळून पुन्हा सूत कातलं. या मालाला नाव पडलं 'शॉडी'. स्वस्त आणि उबदार, पण धागे आखूड असल्याने कमजोर. १८६१मध्ये अमेरिकन यादवी युद्ध सुरू झालं, घाईघाईत असल्या कापडाचे गणवेश सैनिकांना पुरवले गेले, आणि ते पावसात अंगावरच उसवले. तेव्हापासून इंग्रजीत 'शॉडी' म्हणजे निकृष्ट, असा अर्थ कायमचा चिकटला.

गिऱ्हाइकाला नवी लोकर कुठली आणि पिंजलेली कुठली हे कळावं म्हणून अमेरिकेत 'वूल प्रॉडक्ट्स लेबलिंग अॅक्ट' आला. नावात १९३९ आहे, अंमल १९४१चा. त्यानुसार तीन प्रकार लिहिणं सक्तीचं झालं: 'वूल' म्हणजे नवी लोकर, 'रीप्रोसेस्ड' म्हणजे न वापरलेल्या कापडाच्या कातरणांपासूनची, आणि 'रीयूज्ड' म्हणजे वापरलेल्या कपड्यांपासूनची. १९८०मध्ये शेवटच्या दोन शब्दांची जागा 'रीसायकल्ड'ने घेतली. म्हणजे पट्टीवर 'रीप्रोसेस्ड' दिसलं की समजा, कोट १९८०च्या आधीचा. तसंच धुण्याच्या सूचनांची पट्टी १९७२पासून सक्तीची झाली. ती मुळातच नसेल तर कोट बहुधा त्याही आधीचा.

आणखी एक पट्टी शोधा. पुरुषांच्या कोटात ती आतल्या खिशाच्या आत दडलेली असते: 'अमलगमेटेड क्लोदिंग वर्कर्स ऑफ अमेरिका', कामगार संघटनेची खूण. १९१०च्या सप्टेंबरमध्ये शिकागोतल्या 'हार्ट, शाफ्नर अँड मार्क्स' या सुटांच्या कंपनीत शिलाईचा दर पाव सेंटाने कमी केला. हॅना शापिरो नावाची रशियातून आलेली तरुण मुलगी आणि तिच्यासोबतच्या मूठभर मुली काम टाकून बाहेर पडल्या. आधी इतर कामगार हसले. मग बघता बघता संप शहरभर पसरला, सुमारे चाळीस हजार माणसं बाहेर आली. ज्यू, इटालियन, पोलिश, सगळे परदेशातून आलेले, निम्म्यांना एकमेकांची भाषा येत नव्हती. त्याच कंपनीत कापड बेतणारा सिडनी हिलमन, लिथुआनियातून आलेला, १९१४ साली या संघटनेचा पहिला अध्यक्ष झाला. १९७६मध्ये ही संघटना दुसरीत विलीन झाली, त्यामुळे ही पट्टी असलेला कोट साधारण त्याआधीचा. बायकांच्या कोटांत 'इंटरनॅशनल लेडीज गार्मेंट वर्कर्स युनियन'ची पट्टी असते, ती १९९५च्या आधीची.

माझ्या कोटात अशी पट्टी आहे. पंचवीस डॉलरचा काळा-करडा कोट. तो कुणी घातला हे मला माहीत नाही, पण तो माझ्यासारख्याच कुणीतरी, गाव सोडून आलेल्या माणसाने शिवला असावा, असं मी धरून चालतो. आईला मी हेच सांगितलं. ती म्हणाली, "बरं, निदान ड्रायक्लीन करून घे."

तर आता प्रत्यक्ष जुळवाजुळव.

ओव्हरकोट गडद निळा किंवा करडा, गुडघ्यापर्यंत. मापाचा आकडा म्हणजे छातीचे इंच, आणि पुढचं अक्षर उंचीचं: एस, आर किंवा एल. आपल्यापैकी बऱ्याच जणांना ३८ एस किंवा ४० एस बसतो. आत ब्लेझर घालूनच कोट घालून बघा. खांदा बसला पाहिजे, तो दुरुस्त करणं महागात पडतं. बाही आखूड करणं मात्र कुठल्याही शिंप्याचं काम. छातीजवळचं कापड चिमटीत धरून बघा. बाहेरचं कापड, अस्तर आणि मध्ये सुटा तिसरा थर लागला तर आत शिवलेला कॅनव्हास आहे, कोट टिकेल. थर डिंकाने चिकटवलेला असेल तर कालांतराने बुडबुडे येतात. मग कोट उजेडासमोर धरा, कसर लागलेली भोकं लगेच दिसतात. बगलेतलं अस्तर तपासा, आणि चक्क नाक लावून वास घ्या. लाजू नका, तिथे सगळेच घेतात.

आतमध्ये कांद्यासारखे पापुद्रे हवेत. लोकरीचा ब्लेझर, त्याखाली पातळ मेरिनो स्वेटर, त्याखाली शर्ट. लोकरीच्या तंतूला नैसर्गिक कुरळेपणा असतो, त्यात हवा अडकते, आणि ती हवाच ऊब देते. शिवाय लोकर स्वतःच्या वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत बाष्प शोषते तरी ओली लागत नाही. ऑफिसांत हीटर धो धो चालू असतात, म्हणून एकच जाड जॅकेट कामाचं नाही. पापुद्रे काढता-घालता यायला हवेत. सगळं निळ्या-करड्या रंगात घेतलंत तर दोन ट्राउझर्स, दोन स्वेटर आणि एका ब्लेझरमध्ये तीन आठवडे निघतात. बायकांनाही हेच सूत्र, वर एखादा झकास रेशमी स्कार्फ. तोही तिथेच मिळतो.

नवीन काय घ्यायचं? आतले कपडे, मोजे आणि रबरी तळव्याचे बूट. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात, त्याचे पांढरे डाग बुटांवर आणि ट्राउझरच्या काठावर पडतात. व्हिनेगर-पाण्याच्या बोळ्याने पुसा, जातात.

शेवटी, या कोटांचं पुढे काय होतं तेही सांगतो. दुकानात न विकलेले कपडे किलोवर विकले जातात आणि जहाजाने जगभर जातात. त्यातले फाटके लोकरी कपडे अनेक वर्षं गुजरातच्या बंदरांत उतरून आपल्याच पानिपतला जात आले आहेत. हो, तेच पानिपत! पुन्हा घालता येऊ नयेत म्हणून ते आधीच फाडलेले असतात. तिथे बायका बटणं आणि चेन काढतात, रंगांप्रमाणे ढीग लावतात, मग यंत्रं ते पिंजून सूत काढतात. म्हणजे बॅटलीचीच विद्या. त्यातून भूकंप-पुरात वाटायच्या घोंगड्या होतात. अलीकडे पॉलिएस्टरच्या ब्लँकेटांनी हा धंदा बराच खाल्ला आहे, पण संपलेला नाही.

तेव्हा काम आटोपून निघाल की कोट बॅगेत कोंबून नेऊ नका, पुण्यात तो नुसता कसरीला खाद्य होईल. ड्रायक्लीन करा आणि ज्या दुकानातून घेतला तिथेच देऊन या. पुढच्या जानेवारीत कुणीतरी नवखा तिथे येणारच आहे. पातेलं मात्र मिळणार नाही, आधीच सांगून ठेवतो.