लसूणघासाच्या बियांची कुळकथा

लसूणघासाचा प्रवास एका वाक्यात मावतो: दारियसच्या काळातील इराणी स्वाऱ्यांबरोबर मीड लोकांनी हे पीक ग्रीसमध्ये नेले असे रोमन लेखक प्लिनी लिहितो, आणि घोड्यांची म्हणून जगभर पसरलेली ही वैरण आज कोल्हापूर जिल्ह्यातील गारगोटीसारख्या दुधाच्या मुलखात गाई-म्हशींपुढे पडते. एकदा पेरले की वर्षभर कापण्या देणारे हे पीक बी देताना मात्र हात आखडता घेते, आणि त्याचे कारण त्याच्या फुलात आहे.

हे जांभळे फूल वाटाण्याच्या कुळातील असून त्याच्या खालच्या दोन जुळलेल्या पाकळ्यांत, म्हणजे नौतलात, पुंकेसरांची नळी आणि तिच्या आतील स्त्रीकेसर ताणून धरलेले असतात. माशीने नौतल दाबले की ताण सुटतो, केसरांचा दांडा उसळून वरच्या मोठ्या पाकळीवर आदळतो आणि कुक्षीवरचा, म्हणजे पराग झेलणाऱ्या टोकावरचा, पातळ पापुद्रा फाटून पराग रुजायला वाट होते. हा तडाखा सोसलेल्या मधमाश्या पुढे बाजूने सोंड घालून मध तेवढा काढून घेतात आणि फूल न उसळताच राहते.

म्हणूनच बी कमी धरण्याचा दोष पुष्कळदा माश्यांवर ठेवला जातो, आणि अमेरिकेत पाने कापणाऱ्या एकांड्या माश्या शेतात वसवून बियांचे उत्पन्न वाढवण्यात आले, हा त्या पक्षाचा भक्कम पुरावा आहे. तो मान्य करूनही मूळ कारण अधिक खोल मानावे लागते. कूपर आणि ब्रिंक यांनी 1940 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्वतःचाच पराग मिळालेल्या फुलांत शंभरांपैकी सुमारे 15 बीजांडे फळली, तर दुसऱ्या झाडाचा पराग मिळालेल्या फुलांत सुमारे 66. शिवाय स्वपरागाने फळलेल्या बीजांडांपैकी कितीतरी अधिक पहिल्या काही दिवसांतच कोमेजली. म्हणजे फूल उसळले तरी निम्मेच काम होते, कारण झाड स्वतःचा पराग पुरता नाकारत नाही आणि पुरता स्वीकारतही नाही. जी थोडी स्वफलित संतती उगवते ती पिढीगणिक खुरटत जाते, त्यामुळे पैदासकार शुद्ध वंशावर न थांबता निवडक झाडांना आपापसांत मोकळेपणे फळू देऊन त्यांचा एकत्र वाण बांधतो.

गारगोटीच्या बाजूला या स्वभावावर आणखी दोन अडचणी पडतात. सह्याद्रीलगतच्या दमट हवेत फुले कमी उसळतात आणि शेंगा वाळत नाहीत. त्यातच चाऱ्यासाठी फुलोऱ्याच्या आरंभीच विळा लागत असल्याने बी धरण्याची वेळच येत नाही. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा आर. एल. 88 हा बहुवर्षायू वाणही याला अपवाद नाही. बी हवे असेल तर थंडी सरताना एका तुकड्याची कापणी थांबवून, कोरड्या उन्हाळ्यात सातेरी-फुलोरी माश्यांचा वावर राखून, मळसूत्रासारख्या वळलेल्या शेंगा तपकिरी होईपर्यंत तो उभा ठेवावा लागतो, आणि त्यात अमरवेल दिसली तर तिच्या विळख्यातील झाडे फुलण्याआधीच उपटून जाळावी लागतात, कारण तिचे बी या बियांत मिसळले की चाळणीनेही सहज वेगळे होत नाही.